स्पॅनिशचा इम्पेर्फेक्तो: रूपं बनवायची कशी आणि वापरायची कुठे

स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन मुख्य रूपं आहेत. घडून संपलेल्या गोष्टीसाठी प्रेतेरितो इन्देफिनीदो. जी गोष्ट चालू होती, नेहमी घडायची किंवा तेव्हा तशी होती, तिच्यासाठी प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो. मेक्सिकोतल्या शाळांमध्ये या दुसऱ्याला कोप्रेतेरितो म्हणतात. हे नाव व्याकरणकार आन्द्रेस बेयो यांच्या १८४७ च्या व्याकरणातून आलं आहे, त्यामुळे पुस्तक मेक्सिकोचं असलं तर बिचकू नका, काळ तोच आहे.

इम्पेर्फेक्तोची रूपं स्पॅनिशमधल्या सर्वांत सोप्या रूपांपैकी आहेत. प्रत्ययांचे दोनच संच आणि अनियमित क्रियापदं फक्त तीन. अवघड जातं ते रूप निवडणं. त्यात मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे, कारण आपल्याकडे ‘गेला’, ‘जात होता’ आणि ‘जायचा’ हे तिन्ही वेगळे आहेत. पण तीन-चार जागी मराठी कान नेमका चुकीच्या रूपाकडे नेतो. या लेखात रूपं लवकर उरकली आहेत आणि त्या जागांवर जास्त वेळ दिला आहे.

सुरू करण्यापूर्वी काय हवं

- वर्तमानकाळातली नियमित रूपं आणि कर्त्याची सर्वनामं: यो, तू, एल, एया, उस्तेद, नोसोत्रोस, बोसोत्रोस, एयोस, एयास, उस्तेदेस.
- इन्देफिनीदोची निदान तोंडओळख. पहिल्या चार पायऱ्यांना ती लागत नाही, पाचवीपासून लागते.
- स्पॅनिश रॉयल अकादमीचा ऑनलाइन कोश. तो फुकट आहे आणि त्यात क्रियापदांचे तक्ते मिळतात. शंका आली की तिथेच पाहा.
- फोनवर किंवा संगणकावर स्पॅनिश कीबोर्ड. फोनवर स्वराची कळ दाबून धरली की तिरकी रेघ असलेलं अक्षर मिळतं. या काळात ती रेघ टाळता येत नाही.
- एक वही. रूपं हातानं लिहिल्याशिवाय रेघ कुठे येते हे डोक्यात बसत नाही.

स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, ‘स’ आणि ‘थ’ यांत लॅटिन अमेरिकेतला ‘स’ धरून. वहीत मात्र ते स्पॅनिश लिपीतच लिहा. ‘आचे’ (h) हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘बे’ (b) आणि ‘उवे’ (v) या दोन्ही अक्षरांचा उच्चार ‘ब’ असाच होतो. उदाहरणार्थ बिबिर (राहणे) हा शब्द लिहिताना दोन्ही जागी उवे येतो.

१. धातू वेगळा काढा

क्रियापदाच्या मूळ रूपाची शेवटची दोन अक्षरं पाहा. ती आर, एर किंवा इर असतात. ती काढली की उरतो तो धातू.

कान्तार (गाणे) – धातू कान्त
कोमेर (खाणे) – धातू कोम
एस्क्रिबिर (लिहिणे) – धातू एस्क्रिब

इथे एक चूक हमखास होते. शेवट न काढता मूळ रूपालाच ‘ईआ’ जोडलं तर कोमेरीआ, एस्क्रिबिरीआ अशी रूपं तयार होतात. ती अस्तित्वात आहेत, पण त्यांचा अर्थ ‘खाईन (जर…)’, ‘लिहीन (जर…)’ असा संकेतार्थी आहे. म्हणजे वाक्य व्याकरणात बसतं, अर्थ बदलतो आणि चूक झाल्याचं कळतही नाही. लिहून झाल्यावर ‘ईआ’च्या आधी ‘र’ दिसला तर थांबून तपासा. केरेर (हवे असणे) या क्रियापदाच्या धातूतच र आहे, त्यामुळे केरीआ बरोबर आहे. कोमेरीआ इथे चालणार नाही.

२. आर-क्रियापदांचे प्रत्यय लावा

यो कान्ताबा
तू कान्ताबास
एल, एया, उस्तेद कान्ताबा
नोसोत्रोस कान्ताबामोस
बोसोत्रोस कान्ताबाइस
एयोस, एयास, उस्तेदेस कान्ताबान

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, यातला ‘बा’ नेहमी ‘बे’ या अक्षरानं लिहायचा, उवेनं कधीच नाही. उच्चार सारखाच असल्यामुळे ज्यांची मातृभाषा स्पॅनिश आहे तेही एस्ताबा लिहिताना इथे चुकतात. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांनी जास्त जपावं. पोर्तुगीजमध्ये याच जागी उवे येतो, त्यामुळे हात सवयीनं तिकडे जातो.

दोन, जोर कायम धातूनंतरच्या पहिल्या ‘आ’वर येतो: कान्-ता-बा मध्ये ‘ता’वर. नोसोत्रोसच्या रूपातही जोर तिथेच राहतो, कान्-ता-बा-मोस, पण तो आता शेवटून तिसऱ्या अवयवावर पडतो. म्हणून फक्त याच रूपात त्या ‘आ’वर तिरकी रेघ द्यावी लागते. बाकीच्या पाच रूपांत रेघ नाही. वर्तमानकाळात आपण कान्-ता-मोस म्हणतो, त्या चालीनं इथे ‘बा’वर जोर देऊन कान्ता-बा-मोस म्हणू नका.

तीन, दोन स्वरांमधल्या ‘ब’ला ओठ पूर्ण मिटत नाहीत. मराठी ‘ब’ आणि ‘व’ यांच्या मधला सैल उच्चार होतो. ठसठशीत ‘ब’ म्हटलात तरी समजेल, पण ऐकताना हा सैल ‘ब’ ओळखता आला पाहिजे, नाहीतर बोलण्याच्या ओघात प्रत्यय निसटतो.

अर्जेंटिनात तूऐवजी ‘बोस’ वापरतात. वर्तमानकाळात बोसची रूपं वेगळी असतात, इम्पेर्फेक्तोत मात्र ती तूसारखीच आहेत: बोस कान्ताबास. लॅटिन अमेरिकेत बोसोत्रोसऐवजी उस्तेदेस चालतं, तेव्हा तिकडच्या लोकांशीच बोलायचं असेल तर बाइसचं रूप ओळखण्यापुरतं शिका.

३. एर आणि इर यांना एकच संच

यो कोमीआ, एस्क्रिबीआ
तू कोमीआस, एस्क्रिबीआस
एल, एया, उस्तेद कोमीआ, एस्क्रिबीआ
नोसोत्रोस कोमीआमोस, एस्क्रिबीआमोस
बोसोत्रोस कोमीआइस, एस्क्रिबीआइस
एयोस, एयास, उस्तेदेस कोमीआन, एस्क्रिबीआन

या संचात ‘ई’वरची तिरकी रेघ सहाही रूपांत येते, एकही अपवाद नाही. रेघ दिली नाही तर ‘इ’ आणि ‘आ’ एकत्र मिसळतात आणि शब्द कोम्या असा वाचला जातो. रेघेमुळे ते दोन स्वतंत्र अवयव होतात: को-मी-आ. काही जागी रेघ विसरली तर शब्दच बदलतो. आसेर (करणे) याचं आसीआ म्हणजे ‘करत होता’, पण रेघ नसेल तर आस्या, म्हणजे ‘च्या दिशेनं’. साबीआ म्हणजे ‘माहीत होतं’, आणि रेघेविना साब्या म्हणजे ‘शहाणी’. परीक्षेत याचे गुण जातात, आणि ते योग्यच आहे.

४. धातू बदलू नका, तीन अपवाद पाठ करा

वर्तमानकाळ शिकताना धातू बदलण्याची इतकी सवय होते की इथेही हात आपोआप बदल करतो. इम्पेर्फेक्तोत धातू जसाच्या तसा राहतो. खालची यादी मोठ्यानं म्हणा, आधी वर्तमानकाळ, मग इम्पेर्फेक्तो:

प्येन्सो – पेन्साबा (विचार करणे)
ख्वेगो – खुगाबा (खेळणे)
तेंगो – तेनीआ (जवळ असणे)
प्वेदो – पोदीआ (शकणे)
आगो – आसीआ (करणे)
पीदो – पेदीआ (मागणे)
द्वेर्मो – दोर्मीआ (झोपणे)
दीगो – देसीआ (सांगणे)
बेंगो – बेनीआ (येणे)

यातली पेदीआ आणि दोर्मीआ ही सर्वांत जास्त चुकतात. इन्देफिनीदोच्या तृतीय पुरुषात पिद्यो, दुर्म्यो होतं, त्यावरून ‘पिदीआ’, ‘दुर्मीआ’ लिहिलं जातं. अशी रूपं नाहीत. पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: त्या भाषेत ‘जवळ असणे’, ‘येणे’ आणि ‘ठेवणे’ ही क्रियापदं या काळात अनियमित आहेत, स्पॅनिशमध्ये ती साधी तेनीआ, बेनीआ, पोनीआ आहेत.

लेएर (वाचणे), क्रेएर (मानणे), काएर (पडणे), ओइर (ऐकणे) यांचंही तसंच: लेईआ, क्रेईआ, काईआ, ओईआ. मध्ये कसलंही जादा अक्षर येत नाही.

आता तीन अपवाद.

सेर (असणे): एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान. रेघ फक्त एरामोसच्या ‘ए’वर.
इर (जाणे): ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान. रेघ फक्त ईबामोसच्या ‘ई’वर, आणि इथेही ‘बे’च.
बेर (पाहणे): बेईआ, बेईआस, बेईआ, बेईआमोस, बेईआइस, बेईआन. प्रत्यय नेहमीचेच, पण धातूतला ‘ए’ टिकून राहतो. रेघ सगळीकडे.

याहून जास्त अनियमित क्रियापदं या काळात नाहीत. एस्तार आणि दार, जी इतरत्र त्रास देतात, तीही इथे नियमित आहेत: एस्ताबा, दाबा.

‘यो’ आणि ‘एल, एया, उस्तेद’ यांचं रूप एकच असतं. मराठीत क्रियापदावरूनच ‘गात होतो’, ‘गात होती’ हे समजतं, त्यामुळे कर्ता गाळायची आपल्याला सवय आहे. कान्ताबावरून मी, तो, ती की आपण, यातलं काहीच कळत नाही. वाक्यात दोन माणसं आली की सर्वनाम लिहा: यो कान्ताबा इ एया तोकाबा ला गितार्रा, म्हणजे मी गात होतो आणि ती गिटार वाजवत होती.

५. मराठी वाक्याची चाचणी लावा

स्पॅनिश वाक्य लिहिण्याआधी ते मराठीत मनात म्हणा आणि क्रियापदाचा शेवट पाहा.

‘ती गायची’, ‘ती गात असे’, ‘ती गाई’: शाळेत रीतिभूतकाळ म्हणून शिकलो ती ही रूपं. उत्तर कान्ताबा.
‘ती गात होती’: अपूर्ण भूतकाळ. उत्तर पुन्हा कान्ताबा. त्या क्षणी गाणं चालूच होतं हे ठसवायचं असेल तर एस्ताबा कान्तान्दो असंही म्हणता येतं, पण ‘गायची’साठी ते चालत नाही.
‘ती गायली’: इन्देफिनीदो, कान्तो, शेवटच्या ‘ओ’वर जोर आणि रेघ.

कथनात दोन्ही एकत्र येतात. चालू असलेली गोष्ट इम्पेर्फेक्तोत, मध्येच घडलेली इन्देफिनीदोत: दोर्मीआ क्वान्दो सोनो एल तेलेफोनो. मी झोपलो होतो तेव्हा फोन वाजला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतील तर म्येन्त्रास घालून दोन्हीकडे इम्पेर्फेक्तो: म्येन्त्रास यो कोसिनाबा, एल लेईआ. मी स्वयंपाक करत होते तेव्हा तो वाचत होता.

काही क्रियापदांत दोन काळांमुळे अर्थच वेगळा होतो. बरीच पुस्तकं ही यादी पाठ करायला लावतात. मराठीत त्या प्रत्येक जोडीसाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आधीच आहेत:

साबीआ – माहीत होतं. सूपे – कळलं
कोनोसीआ – ओळखत होतो. कोनोसी – ओळख झाली
तेनीआ के इर – जायचं होतं. तूबे के इर – जावं लागलं
केरीआ सालिर – बाहेर पडायचं होतं. नो कीसे सालिर – बाहेर पडायला नकार दिला
पोदीआ आसेर्लो – करू शकत होतो. पूदे आसेर्लो – करता आलं, जमलं

‘जायचं होतं’ म्हटल्यावर गेलो की नाही ते कळत नाही, ‘जावं लागलं’ म्हणजे गेलोच. तेनीआ के आणि तूबे के यांत अगदी हाच फरक आहे.

गुस्तारची रचनाही आपल्या ‘आवडणे’सारखीच आहे. जे आवडतं तो कर्ता, म्हणून ते अनेकवचनी असलं तर क्रियापदही अनेकवचनी: मे गुस्ताबा एल मार, मला समुद्र आवडायचा, मे गुस्ताबान लोस मांगोस, मला आंबे आवडायचे.

६. ‘होता’ दिसला की थांबा

मराठीतला ‘होता’ चार-पाच कामं एकटाच करतो. स्पॅनिशमध्ये त्या प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद लागतं.

- स्वभाव, ओळख, व्यवसाय: एरा. मि आब्वेलो एरा मेदिको, माझे आजोबा डॉक्टर होते.
- जागा किंवा तात्पुरती अवस्था: एस्ताबा. एल काफे एस्ताबा फ्रीओ, कॉफी गार होती.
- काहीतरी अस्तित्वात होतं: आबीआ, नेहमी एकवचनात. आबीआ मुचोस निन्योस, खूप मुलं होती. ‘आबीआन मुचोस निन्योस’ लॅटिन अमेरिकेत बोलताना ऐकू येतं, प्रमाणभाषेत आणि परीक्षेत ते चूक धरतात.
- वय: तेनीआ. तेनीआ बेइन्ते आन्योस, मी वीस वर्षांचा होतो. इथे एरा वापरू नका.
- थंडी, ऊन: आसीआ. आसीआ फ्रीओ, थंडी होती.
- घड्याळातली वेळ: एरा ला ऊना, एक वाजला होता; एरान लास ओचो, आठ वाजले होते. भूतकाळातली वेळ सांगताना कायम इम्पेर्फेक्तो.

यापेक्षा मोठा सापळा म्हणजे ‘गेलो होतो’. मराठीत ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे अगदी साधं वाक्य आहे. ‘होतो’ ऐकून कुणी ‘ईबा’ लिहितो, कुणी ‘आबीआ इदो’. दोन्ही चूक. काल गेलो, काम संपलं, म्हणून: आयेर फ्वी आ पुणे. ‘आबीआ’ घालून होणारं रूप, म्हणजे ‘त्याआधीच झालं होतं’, तेव्हाच वापरायचं जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधीचं सांगायचं असतं: क्वान्दो येगे, एया या आबीआ कोमीदो, मी पोचलो तोपर्यंत ती जेवली होती. तेव्हा ‘ला होता, ली होती, लं होतं’ अशा प्रत्येक वाक्याला विचारा: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर इन्देफिनीदो. ‘झोपलो होतो’, ‘बसलो होतो’, ‘उभा होतो’ ही मात्र अवस्था दाखवतात, तिथे दोर्मीआ, एस्ताबा सेन्तादो असं इम्पेर्फेक्तोच येतं.

७. मुदत आणि मोजणी तपासा

‘मी तीन वर्षं माद्रिदला राहत होतो.’ मराठीत हे वाक्य बिनचूक आहे. पाचव्या पायरीच्या चाचणीनं उत्तर बिबीआ येईल, आणि ते चूक ठरेल. स्पॅनिशमध्ये किती काळ ते सांगितलं की गोष्टीला दोन्ही टोकं मिळाली, ती बंद झाली: बिबी त्रेस आन्योस एन माद्रिद. कितीदा ते मोजलं तरी तसंच: फ्वी क्वात्रो बेसेस, चार वेळा गेलो.

मुदत न सांगता ‘तेव्हा मी माद्रिदला राहत होतो’ म्हणायचं असेल तर एन्तोन्सेस बिबीआ एन माद्रिद. आणि एखादी घटना घडली त्या क्षणापर्यंत तीन वर्षं झाली होती, राहणं अजून चालूच होतं, असं सांगायचं असेल तर: आसीआ त्रेस आन्योस के बिबीआ एन माद्रिद क्वान्दो ला कोनोसी. माद्रिदला राहून मला तीन वर्षं झाली होती तेव्हा तिची ओळख झाली. तीन वर्षं दोन्ही वाक्यांत आहेत, पण दुसऱ्यात शेवटचं टोक उघडं आहे.

क्लासमध्ये खुणेच्या शब्दांची यादी देतात: स्येम्प्रे (नेहमी), तोदोस लोस दीआस (रोज), लोस दोमिंगोस (दर रविवारी), दे निन्यो (लहानपणी), आन्तेस (पूर्वी), म्येन्त्रास (चालू असताना) यांना इम्पेर्फेक्तो; आयेर (काल), आनोचे (काल रात्री), दे रेपेन्ते (अचानक), दुरान्ते त्रेस आन्योस (तीन वर्षं) यांना इन्देफिनीदो. यादी सुरुवातीला कामाची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. आयेर आसीआ मुचो फ्रीओ, काल खूप थंडी होती, हे आयेर असूनही बरोबर आहे. एल आन्यो पासादो फ्वी आल खिम्नास्यो तोदोस लोस दीआस, गेल्या वर्षी मी रोज जिमला गेलो, हेही तोदोस लोस दीआस असूनही बरोबर आहे, कारण वर्ष संपलं. काळ ठरतो तो घटनेकडे आतून पाहता की बाहेरून, यावर. शब्द फक्त इशारा देतात.

‘कार्यक्रम छान होता’ असं मराठीत संपलेल्या कार्यक्रमाबद्दलही म्हणतात. तिथे मनात ‘छान झाला’ असं बदलून पाहा. बदल जमत असेल तर फ्वे. ला फ्येस्ता फ्वे एस्तुपेन्दा, पार्टी मस्त झाली.

८. कुणाचं बोलणं सांगताना काळ मागे न्या

ही पायरी जरा सावकाश वाचा, कारण इथे मराठी काहीच मदत करत नाही. आपण म्हणतो, ‘तो म्हणाला की तो सेबियाला राहतो.’ मूळ बोलण्यातला वर्तमानकाळ आपण तसाच ठेवतो. स्पॅनिशमध्ये ‘दिखो के’, म्हणजे ‘म्हणाला की’, याच्यानंतर तो वर्तमानकाळ इम्पेर्फेक्तो होतो:

‘बिबो एन सेबिया’ – दिखो के बिबीआ एन सेबिया.
‘तेंगो फ्येब्रे’ – दिखो के तेनीआ फ्येब्रे. ती म्हणाली की तिला ताप आहे.
‘नो प्वेदो बेनिर’ – मे दिखो के नो पोदीआ बेनिर. तो मला म्हणाला की येता येणार नाही.

हीच गोष्ट ‘वाटलं’, ‘माहीत होतं’ यांच्यानंतर होते. ‘मला वाटलं तू घरी आहेस’: क्रेईआ के एस्ताबास एन कासा. मराठी वाक्यात ‘आहेस’ आहे म्हणून ‘एस्तास’ लिहिलं की वाक्य लंगडं पडतं. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवायची मुभा असते, पण नवशिक्यानं आधी काळ मागे नेण्याची सवय लावावी.

९. भूतकाळ नसतानाचा इम्पेर्फेक्तो

हे वापर थोडे आहेत, पण रोज कानावर पडतात.

नम्रता: स्पेनमधल्या कॅफेत ‘केरीआ उन काफे’ म्हणतात. कॉफी आत्ताच हवी असते. ‘केरीआ प्रेगुन्तार ऊना कोसा’ म्हणजे आपलं ‘जरा एक विचारायचं होतं’. नेमका आपल्यासारखाच भूतकाळ. ‘कीसे’ इथे चालत नाही.

बेत: ईबा आ आणि पुढे मूळ क्रियापद म्हणजे ‘-णार होतो’. ईबा आ यामार्ते, मी तुला फोन करणारच होतो.

नुकतंच: आकाबाबा दे येगार, नुकताच पोचला होता.

बातम्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत कधी कधी एकदाच घडलेली घटना इम्पेर्फेक्तोत दिसते: एल दोसे दे ओक्तुब्रे दे १४९२ कोलोन येगाबा आ आमेरिका, १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस अमेरिकेत पोचला. ही लेखनाची एक ढब आहे. वाचताना ओळखा, स्वतः लिहिताना येगो वापरा.

१०. सराव कसा करायचा

पहिले चार दिवस रोज तीन क्रियापदं घ्या, एक आर, एक एर, एक इर, आणि सहाही रूपं रेघांसकट हातानं लिहा. चौथ्या दिवशी सेर, इर, बेर यांचीही भर घाला. लेबान्तार्से (उठणे) सारखं एखादं क्रियापद जरूर घ्या, म्हणजे आधी येणारी सर्वनामं बसतील: मे लेबान्ताबा, ते लेबान्ताबास, से लेबान्ताबा, नोस लेबान्ताबामोस, ओस लेबान्ताबाइस, से लेबान्ताबान. मग तक्ते बाजूला ठेवा आणि उताऱ्यांकडे वळा. देले (DELE) या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए२ पातळी द्यायची असेल तर तिथे हे दोन भूतकाळ एकाच मजकुरात नीट वापरता यावे लागतात, सुटी रूपं पुरत नाहीत.

हा उतारा आधी स्वतः करून पाहा:

‘मी लहान होते तेव्हा आम्ही रत्नागिरीत राहायचो. समुद्र घराजवळ होता. रोज संध्याकाळी आजी आम्हाला गोष्ट सांगायची. एक दिवस ती गोष्ट सांगत असताना वीज गेली. आजी म्हणाली की तिला भीती वाटत नाही.’

उत्तर:

क्वान्दो एरा निन्या, बिबीआमोस एन रत्नागिरी. एल मार एस्ताबा सेर्का दे कासा. तोदास लास तार्देस ला आब्वेला नोस कोन्ताबा उन क्वेन्तो. उन दीआ, म्येन्त्रास लो कोन्ताबा, से फ्वे ला लूस. ला आब्वेला दिखो के नो तेनीआ म्येदो.

आता ताडून पाहा. समुद्रासाठी एरा लिहिलं असेल तर सहावी पायरी परत वाचा. ‘क्वेन्ताबा’ लिहिलं असेल तर चौथी: क्वेन्तो हे ‘गोष्ट’ या नामाचं आणि वर्तमानकाळाचं रूप, इम्पेर्फेक्तोत धातू कोन्तच राहतो. वीज एकदाच गेली, म्हणून से फ्वे. ‘से ईबा’ म्हटलं तर ‘जायची’ किंवा ‘जात होती’ असा अर्थ होईल. शेवटच्या वाक्यात ‘त्येने’ आलं असेल तर आठवी पायरी. बिबीआमोसमध्ये पहिलं आणि तिसरं अक्षर उवे, कोन्ताबामध्ये बे, आणि बिबीआमोस व तेनीआ या दोन्हींच्या ‘ई’वर रेघ.